दोन मुदी भात

मलकपेठ, हैदराबाद
३ ऑगस्ट २०२५

आई, नमस्कार.

तुम्ही सोलापूरला जाऊन आज अकरा दिवस झाले. रेणूताईंना मुलगी झाल्याचं प्रशांतनं सांगितलं. दोघींची तब्येत चांगली आहे हे ऐकून बरं वाटलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर लागत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहिते आहे. जाताना तुम्ही म्हणाला होतात, की या घरात मराठी वाचणारी आता मीच उरले. ते खरं आहे. प्रशांत दुकानाची पाटीसुद्धा बोट ठेवून वाचतो. त्यामुळे आपली पत्रं कोणी उघडेल ही काळजी नाही.

घरचं कळवते. तुमच्या शेगडीवर तीन भांडी एकदम सांभाळणं मला जमत नाही. म्हणून हॉस्टेलमध्ये वापरायचे तो इलेक्ट्रिक कुकर काढला आहे. ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवला आहे. दीड लिटरचा आहे. एका वेळी जास्तीत जास्त तीनशे ग्रॅम तांदूळ शिजतात. वर जाळीची थाळी बसते, तिच्यात भाजी वाफवून घेते. मग भात काढून त्याच भांड्यात वरण लावते. आम्हा तिघांना दोनशे ग्रॅम तांदूळ पुरतो. शिजल्यावर माणशी एकशे ऐंशी ग्रॅम होतो, म्हणजे माझ्या वाटीनं दोन मुदी. काही उरत नाही आणि काही वाया जात नाही.

बाबांनी पहिल्या दिवशी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "मृण्मयी, हा कुकर हाय की सुरमेदानी?" पण जेवले. संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या बाईकडून ज्वारीची भाकरी आणतात. ती तेलुगूत बोलते, बाबा मराठीत बोलतात आणि भाकरी जाड की पातळ यावरचं भांडण दोघं उर्दूत करतात.

तुमचे भाऊ भगवंतराव मामा येत्या शनिवारी, ९ तारखेला, डोळ्यात इंजेक्शन घ्यायला येणार आहेत. त्यांचा प्रशांतला फोन आला होता. दवाखान्यातून दुपारी घरी जेवायला येतील आणि त्याच दिवशी परत जातील. मी त्यांना फक्त लग्नात पाहिलं आहे. त्यांचं काही पथ्य असल्यास कळवावं.

मृण्मयी

*

सोलापूर
६ ऑगस्ट २०२५

मृण्मयी बेटा, सुखात राहा.

तुझं पत्र रेणूला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की टाक्यांना हात लावून बसली. म्हणते, वहिनी औषधांच्या कारखान्यात गोळ्या तोलते, तसा भात तोलते! मी तिला रागावले. तू नोकरी करून दोन पुरुषांना ऊन ऊन खायला घालतेस, हे काय कमी झालं? कुकर लहान का मोठा, याच्याशी कोणाला काय करायचंय.

पण एक सांगते, राग मानू नको. आपल्याकडे चार माणसं असली की पाचाचा भात टाकतात. पाचवा कोण, हे विचारायचं नसतं. आलं कोणी तर त्याचा, नाही आलं तर रात्री फोडणी देऊन तुझ्या सासऱ्यांचा. त्यांना तो ताज्या भातापेक्षा जास्त आवडतो.

आता भगवंतदादाचं. त्याला साखर आहे. जेवणाआधी पोटात सुई घेतो. सुई घेतली की भरपेट जेवायलाच लागतं, नाही तर त्याला घेरी येते. आणि तो स्वतः मागून घेणारा नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी ताटावर हात आडवा धरून "बस झालं" म्हणेल. पहिलं नाही म्हणजे संकोच. दुसरं नाही म्हणजे रीत. तिसऱ्यांदा विचारायचंच नाही, वाढायचं. बहिणीच्या सासरी तो जन्मभर असाच जेवला. मी हात बाजूला करून वाढते तेव्हा खातो.

मी असते तर तो रात्रभर राहिला असता. बहीण घरात नाही तर कसं राहावं, असं त्याला वाटत असणार. शनिवारी पौर्णिमा आहे. राखी पाकिटात घातली आहे. त्याला दे, म्हणावं कुसुमनं पाठवली.

तुझी,
आई

*

मलकपेठ, हैदराबाद
१२ ऑगस्ट २०२५

आई, नमस्कार.

तुमचं पत्र काल, ११ तारखेला मिळालं. पाकिटावर सोलापूरचा शिक्का ८ तारखेचा आहे. मामा ९ तारखेला येऊन गेले. त्यामुळे राखी त्यांना देता आली नाही. ती मी आज उदगीरच्या पत्त्यावर पाठवली.

मामा दुपारी दीड वाजता आले. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे आणि दर महिन्याला एक, अशी आणखी पाच इंजेक्शनं लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मध्ये खंड पडला तर गेलेली नजर परत येत नाही, असंही सांगितलं. पुढची तारीख ६ सप्टेंबर आहे.

मी दोनशे सत्तर ग्रॅम तांदूळ लावला होता. भात, अंबाडी घालून वरण आणि वाफवलेली दोडक्याची भाजी. बाबा, प्रशांत आणि मामा जेवायला बसले. मी वाढलं. मामांना अजून भात हवा का असं विचारलं. ते पुरे म्हणाले. आमच्याकडे पुण्याला एकदा विचारतात आणि समोरचा जे म्हणेल ते खरं मानतात. तुमचं पत्र आधी मिळालं असतं तर मला रीत कळली असती.

तीनच्या सुमाराला ते निघाले. प्रशांत बसस्टँडपर्यंत सोडतो म्हणाला, पण त्यांनी ऐकलं नाही. "अफझलगंजचा रस्ता मला तुझ्याआधीपासून पाठ आहे," म्हणाले आणि चालत गेले.

मामा जेवून गेले. बाकी सर्व ठीक आहे.

मृण्मयी

*

सोलापूर
२२ ऑगस्ट २०२५

मृण्मयी बेटा,

हे पत्र प्रशांतला सांगू नको म्हणत नाही, पण आधी तू वाच.

काल ज्योतीचा रेणूला फोन आला होता. ज्योती म्हणजे भगवंतदादाची सून. तू लग्नात पाहिली असशील, हिरव्या साडीतली, सारखी हसणारी. काल हसत नव्हती. त्या दिवशी आपल्या घरून निघाल्यावर दादा बसस्टँडवर पडला. साखर खाली गेली. अंगाला घाम सुटला, जीभ जड झाली, बोललेलं कोणाला कळेना. डोळ्यावर पट्टी, धोतराला चिखल. लोकांना वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. बाजूनं वाट काढून जात राहिले. शेवटी एका केळीवाल्या बाईनं जवळ बसून केळं सोलून त्याच्या तोंडात घातलं. दोन केळी पोटात गेल्यावर तो उठून बसला. बाईला नमस्कार करून रात्रीच्या गाडीनं घरी गेला आणि घरात कोणाला काही बोलला नाही.

बोलला नसताच. पण गावातल्या कोणीतरी तिथं त्याला पाहिलं. त्यानं पारावर सांगितलं, की भगवंतराव हैदराबादेत पिऊन आडवे झाले होते. बेटा, माझ्या भावानं जन्मात थेंबाला हात लावला नाही. आमच्या वडिलांना ते व्यसन होतं, म्हणून त्यानं चौदाव्या वर्षी आईसमोर शपथ घेतली होती. आता तो पारावरून जात नाही. देवळातही जात नाही. ज्योतीला म्हणाला, मी परत हैदराबादला पाय ठेवणार नाही, डोळा गेला तर जाऊ दे.

तू मनाला लावून घेऊ नको. तुझी चूक नाही. चूक माझी आहे. बाळाच्या रडारडीत पत्र दोन दिवस उशीखालीच राहिलं. वेळेवर टाकलं असतं तर तुला कळलं असतं. आणि त्या टीचभर कुकरात माणसाचं जेवण कसं व्हावं? तू तरी काय करशील, होतं तेवढं वाढलंस.

प्रशांतला म्हणावं, मामाला फोन कर. सहा तारीख जवळ आली.

आई

*

मलकपेठ, हैदराबाद
२७ ऑगस्ट २०२५

आई, नमस्कार.

पत्र काल मिळालं. मी ते प्रशांतला आणि बाबांना वाचून दाखवलं.

प्रशांतनं मामांना तीनदा फोन केला. पहिल्यांदा ते "येतो की रे" म्हणाले. दुसऱ्यांदा "लाइन नीट नाही" म्हणून ठेवून दिला. तिसऱ्यांदा उचलला नाही. बाबांनी स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला, तोही उचलला नाही.

त्यानंतर प्रशांतनं माझा कुकर उचलून माळ्यावर टाकला. म्हणाला, "दीड लिटरमध्ये चार माणसं बसवतात का?" संध्याकाळी कोठीच्या बाजारातून पाच लिटरचा नवा कुकर घेऊन आला. बाबा म्हणाले, "पुण्याची पोरगी हाय. तिकडं पाहुण्याला दारातच विचारतात, जेवूनच आला असाल ना? हिनं घरात घेऊन वाढलं, हेच नशीब समज." दोघं हसले. मला वाईट वाटू नये म्हणून हसले हे मला कळलं. मीही हसले.

तुमची चूक नाही. पत्र उशिरा पोचलं, एवढंच.

मी मामांना पत्र लिहिणार आहे.

मृण्मयी

*

मलकपेठ, हैदराबाद
३० ऑगस्ट २०२५

मामा, नमस्कार.

मी प्रशांतची पत्नी मृण्मयी. फोनवर तुम्ही बोलत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते मी घरातल्यांसमोर फोनवर सांगू शकणार नाही. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे.

९ ऑगस्टला काय झालं ते मी क्रमानं लिहिते.

तुम्ही घरी आलात तेव्हा सकाळपासून उपाशी होतात. चहासुद्धा घेतला नव्हता, असं तुम्ही बाबांना म्हणालात. ते मी ऐकलं होतं. हात धुण्याआधी तुम्ही भिंतीकडे तोंड करून इन्शुलिन घेतलं आणि पेन खिडकीत ठेवलं. मी ते पाहिलं होतं. मी औषधांच्या कंपनीत तपासणीचं काम करते. ते घेतल्यावर जेवण कमी पडलं तर काय होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी चौघांपुरता भात केला होता. तुम्हा तिघांना दोन दोन मुदी वाढल्या. तुमचं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं झालं. वरणसुद्धा तुम्ही बोटानं निपटून घेतलंत. मी विचारलं, "अजून भात वाढू का?" तुम्ही पुरे म्हणालात.

विचारताना माझ्या हातात वाटी नव्हती. कुकरावर झाकण लावलेलं होतं. ज्याला वाढायचं असतं तो झाकण लावून विचारत नाही. कुकरात भात होता. दोन मुदी होत्या. तो माझा वाटा होता आणि मला भूक लागली होती. तुम्ही हो म्हणू नये अशा आवाजात मी विचारलं. तुम्ही तो आवाज ओळखलात आणि पुरे म्हणालात. तुम्ही गेल्यावर मी तो भात खाल्ला.

घरात सगळे म्हणतात की कुकर लहान पडला. आई म्हणतात त्यांचं पत्र उशिरा आलं. बाबा म्हणतात पुण्याची रीत वेगळी. मी त्यांना तसं म्हणू दिलं. यातलं एकही कारण खरं नव्हतं.

तुम्ही बसस्टँडवर पडलात ते औषध घेऊन अर्धपोटी राहिल्यामुळे. त्यात तुम्हाला लाज वाटण्यासारखं काही नाही. ती माझी आहे. कृपा करून ६ तारखेला डोळा दाखवायला या. आमच्या घरी यायचं नसेल तर येऊ नका. प्रशांत दवाखान्यात येईल. मी समोर येणार नाही.

मृण्मयी

*

शेलवाडी, ता. उदगीर
८ सप्टेंबर २०२५

मृण्मयीवहिनी,

नमस्कार. मी ज्योती. आधी चांगलं सांगते. मामंजी शनिवारी, १३ तारखेला येतायत. सहा तारीख हुकली, पण दवाखान्यात फोन करून नवीन घेतली. मी सोबत येणार आहे.

आता रागवा किंवा हसा, पण तुमचं पत्र मामंजींनी वाचलं नाही. कसं वाचतील? एका डोळ्याला औषध, दुसऱ्यानं म्हैस आणि रेडकू वेगळं दिसत नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, डोळ्याच्या पेशंटला एवढं बारीक लिहून पाठवलं! पोस्टमननं सहा तारखेला संध्याकाळी अंगणात आणून दिलं. मामंजी म्हणाले, ज्योती, वाच. तिथं माझे मिस्टर होते, शेजारचे दोघं होते आणि दूध घ्यायला आलेल्या बायका होत्या. मी काय करू? उभी राहिले आणि मोठ्यानं वाचायला लागले.

सुई घेतली, पेन खिडकीत ठेवलं, जेवण कमी पडलं तर काय होतं, इथपर्यंत घडाघडा वाचलं. तेवढं तर मी दोनदा वाचलं, अजून मोठ्यानं. दूधवाल्या बायकांना नीट ऐकू जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पारावर तेच चाललं होतं, की भगवंतराव प्यायले नव्हते, औषधानं पडले, हैदराबादच्या सुनेनं लिहून पाठवलंय, ती औषधाच्या कंपनीत आहे. त्या दिवशी अफवा उठवणारा स्वतः येऊन मामंजींच्या पाया पडून गेला.

पण झाकणाची गोष्ट आली आणि माझी जीभ अडकली. पुढच्या ओळी मी डोळ्यानं वाचल्या. तोंडानं वाचल्या नाहीत. "कुकर लहान होता, भात कमी पडला," असं वाचलं. आणि शेवटी माझ्या मनचं घातलं, की मामा, तुम्ही आला नाहीत तर मी भात सोडीन. त्यावर मामंजी म्हणाले, पोरीनं कशाला भात सोडावा, जातो बापा.

वहिनी, मीही शेवटी बसते. कढईत किती उरलंय ते बघत बघत वाढते. पाहुण्यानं नको म्हणावं असं मलाही वाटलंय, एकदा नाही, पुष्कळदा. माझं नशीब, की त्यातला कोणी सुई घेऊन आला नव्हता. तुमचं पत्र मी चुलीत घातलं. आता तुम्ही बोलू नका. झालं गेलं.

ज्योती

*

मलकपेठ, हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२५

आई, नमस्कार.

काल मामा येऊन गेले. ज्योती सोबत होती. इंजेक्शन झालं. एक आठवडा उशीर झाल्यानं सूज थोडी वाढली होती, पण नजर गेलेली नाही. पुढची तारीख ११ ऑक्टोबर आहे. या वेळी दोघं रात्री राहिले आणि आज सकाळच्या बसनं गेले. प्रशांत बसमध्ये बसवून आला.

हे पत्र त्यासाठी नाही. बाकीचं तुम्हाला ज्योतीकडून किंवा रेणूताईंकडून कळण्याआधी मी सांगायला हवं.

९ ऑगस्टला मामांना जेवण कमी पडलं ते तुमच्या पत्रामुळे नाही. पत्र तीन दिवस आधी आलं असतं तरी तेच झालं असतं. त्यांनी औषध घेतलेलं मी पाहिलं होतं आणि ते उपाशी आहेत हे मला माहीत होतं. कुकरात माझ्या वाट्याचा भात होता आणि मी तो त्यांना वाढला नाही. मला भूक लागली होती. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख मी तुम्हाला कळवली होती, ती मुद्दाम. दोष तुमच्याकडे जावा म्हणून. तुम्ही तो घेतलात तेव्हा मी "तुमची चूक नाही" असं लिहिलं आणि पुढच्याच वाक्यात पत्र उशिरा पोचल्याचं परत लिहिलं.

हे सगळं मी मामांना पत्रात लिहिलं होतं. ज्योतीनं ते त्यांना वाचून दाखवताना तेवढ्याच ओळी गाळल्या. तिचा हेतू चांगला होता. काल ती आली तेव्हा ओट्यापाशी उभी राहून माझा हात दाबून म्हणाली, "वहिनी, राहू द्या हो. मामंजी खुशीत आहेत." मी राहू देण्याचं जवळजवळ ठरवलं होतं.

मी माळ्यावरून माझा कुकर काढला होता. नव्या मोठ्या कुकरात मला पाण्याचा अंदाज अजून येत नाही. भात दोनदा लावला. एकदा शिजवून डब्यात काढून ठेवला आणि लगेच दुसऱ्यांदा लावला. अठ्ठावीस मिनिटं जास्त गेली. हा कुकर लहान आहे, पण दोनदा लावता येतो. हे ९ ऑगस्टलाही खरं होतं.

मामा बसले. मी वाढलं, परत वाढलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात आडवा धरला तो बाजूला करून वाढलं. ते बाबांना म्हणाले, "नामदेवराव, सून तयार झाली की हो!" बाबा म्हणाले, "झाली म्हणजे! कुसुमनं टपालानं तयार केली." सगळे हसले. प्रशांत म्हणाला, "मामा, त्या दिवशीचा राग त्या डबीवर काढा. मी तिला फेकणारच होतो."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "कुकराची चूक नव्हती."

ज्योतीनं माझ्याकडे पाहून मान हलवली. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, जेवताना कशाला काढतीस?"

मी म्हणाले, "मामा, तुमचं ताट रिकामं झालं तेव्हा कुकरात भात होता. मी झाकण उघडलं नाही. मला भूक लागली होती, म्हणून तो मी माझ्यासाठी ठेवला. तुम्ही सुई घेतलेली मी पाहिली होती. पत्रात मी लिहिलं होतं, ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

प्रशांत माझ्याकडे बघत राहिला. लग्नाला दोन वर्षं झाली, पण तो मला ओळखत नसल्यासारखा बघत होता. बाबांनी मान खाली घालून भाताला वरण कालवलं. ते आधीच कालवलेलं होतं.

मामांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानं त्यांना मी नीट दिसत नव्हते. ते माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले.

"किती होता?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं ते चिडून विचारतायत. मी म्हणाले, "एकशे ऐंशी ग्रॅम."

"ग्रॅम नको सांगू, बाई. मला कळंल असं सांग."

"दोन मुदी."

"मुदी म्हणजे त्या वाटीच्या?"

"हो."

त्यांनी ताटातला भात बोटांनी चाचपून पाहिला. मग म्हणाले, "दोनच? अगं, तू सकाळपासून उभी होतीस. तेवढ्यानं पोट भरलं का तुझं?"

आई, त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ते खरंच विचारत होते आणि उत्तराची वाट बघत होते. मी नाही म्हणाले असते तर खोलीतल्या प्रत्येकाला बरं वाटलं असतं. ज्योती तर डोळ्यांनी मला तेच म्हणायला सांगत होती.

मी म्हणाले, "हो मामा. भरलं होतं."

मृण्मयी